ग्रीसला जाताना बॅगेत जळगाव भरा!

परदेश म्हणजे थंडी, हे समीकरण आपल्या डोक्यात कुणी फिट्ट बसवलं असेल तर हिंदी सिनेमानं. हिरो ओव्हरकोटात, हिरॉइन शिफॉनच्या साडीत आणि मागे बर्फच बर्फ! त्यामुळे ‘युरोपला चाललेय’ असं ऑफिसात नुसतं म्हणून बघा. पाचव्या मिनिटाला कुणीतरी थर्मल्स कुठे स्वस्त मिळतात ते सांगतं, दहाव्या मिनिटाला शेजारच्या टेबलवरची मैत्रीण स्वतःचं जॅकेट देऊ करते आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत मावशीनं कानटोपीची लोकर काढलेली असते.

पण बॉस, तुम्ही चाललाय कुठे? स्वित्झर्लंडला नाही, ग्रीसला. तेही जून-जुलैत. निळं पाणी, पांढरी घरं आणि त्या पांढऱ्या घरांवर आग ओतणारं ऊन. अथेन्सच्या परिसरात १० जुलै १९७७ ला पारा ४८ अंशांवर गेला होता. पुढे ११ ऑगस्ट २०२१ ला इटलीच्या सिसिली बेटावर फ्लोरिडिया या गावाजवळ ४८.८ अंश नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेनं २०२४ मध्ये तो युरोपचा विक्रम म्हणून मान्यही केला. म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठचा उन्हाळा हा पोस्टकार्डावरचा गोडगोड उन्हाळा नाही. तो आपल्या ओळखीचा, कडकडीत, ‘दुपारी बाहेर पडू नकोस’ असा दम भरणारा उन्हाळा आहे.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी आईला घेऊन दहा दिवस ग्रीसला गेले. आधी अथेन्स, मग नाक्सोस आणि सँटोरिनी ही दोन बेटं. दोन वर्षांचे साठवलेले पैसे आणि आईचा आयुष्यातला पहिला विमानप्रवास. फ्रीलान्सरला पेड लीव्ह नावाची चीज नसते, त्यामुळे ते दहा दिवस बिनपगारी. एवढं सगळं पणाला लागलेलं असताना माणूस बॅग भरताना जरा गंभीर होतोच. मी इंटरनेटवरून मस्त यादी काढली होती. आईनं ती बघितलीच नाही. तिनं एकच प्रश्न विचारला, ‘‘तिकडे किती डिग्री असतं गं?’’

‘‘अडतीस. कधीकधी चाळीस.’’

‘‘मग जळगावच की!’’

आणि जळगावचं माहेर असलेल्या त्या बाईची बॅग वीस मिनिटांत भरून तयार होती. तो फंडा मी आता जाईन तिथे सांगत असते. या आठवड्यात तुमचा नंबर.

घाम गेला कुठे?

मुंबईकरांनो, आधी तुमच्याशी बोलते. तुम्हाला उकाडा माहीत आहे, ऊन माहीत नाही. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंगावरून ओघळतो, त्यामुळे आपल्याला घाम येतोय हे कळतं तरी. अथेन्सची उन्हाळी हवा कोरडी. तिथे घाम आला की लगेच उडून जातो. शर्ट कोरडा, कपाळ कोरडं आणि तुम्हाला वाटतं, वा, काय छान हवा आहे! तिकडे शरीरातलं पाणी मात्र चोरपावलांनी कमी होत असतं. डोकं दुखायला लागलं, जीभ कोरडी पडली, उभं राहिल्यावर गरगरलं की मग प्रकाश पडतो. खानदेशातली आणि विदर्भातली मंडळी हे लहानपणीच शिकतात. तहान लागण्याआधी पाणी प्यायचं, हा तिथला घरोघरचा नियम असतो.

म्हणून यादीतली पहिली वस्तू म्हणजे पाण्याची बाटली. माणशी एक, स्टीलची, विमानतळावर सिक्युरिटीतून जाताना रिकामी आणि पलीकडे गेल्यावर भरलेली. अथेन्समध्ये नळाचं पाणी पिता येतं. सँटोरिनीसारख्या बेटावर मात्र ते पिऊ नका, बाटलीबंद घ्या. आणि ओआरएसची दहा-बारा पाकिटं. वजन काहीच नाही, किंमत काहीच नाही. पण दुपारी तीनला परक्या गावात पाय लटपटायला लागले की त्या पाकिटाची किंमत कळते.

मलमल, लिनन आणि एक ओढणी

कपड्यांबाबत तीनच शब्द लक्षात ठेवा : सैल, सुती, फिका. कोरड्या हवेत सुती आणि लिनन कपडा घाम शोषतो, तो उडतो आणि अंग गार राहतं. माठातलं पाणी गार होतं, तेच तंत्र! अंगाला चिकटणारं सिंथेटिक टॉप फोटोत झकास दिसतं, अंगावर मात्र भट्टी होते. जीन्स एकच, तीही विमानात घालून जायची. जड असते आणि धुतली की वाळता वाळत नाही. याउलट मलमलचा कुर्ता रात्री बेसिनमध्ये धुवून बाल्कनीत टाकला की सकाळी तयार.

याच हिशेबानं दहा दिवसांना दहा जोड लागत नाहीत. चार-पाच वरचे, दोन-तीन खालचे, एक संध्याकाळचा बरा ड्रेस, स्विमसूट, झोपायचे कपडे. बस्स. बाह्या लांब असतील तर उत्तमच. ‘उन्हाळा म्हणजे स्लीव्हलेस’ हे गणित सावलीत ठीक आहे. भर उन्हात अंग झाकलेलं जास्त गार राहतं. शेतात जाणारी माणसं पूर्ण बाह्यांचा सदरा उगीच घालत नाहीत.

आणि ओढणी. मुलींनो, पुण्यात स्कूटीवर आपण ती डोकं-तोंड गुंडाळून ‘दरोडेखोर स्टाइल’ बांधतो ना, तीच. ग्रीसमध्ये आईच्या एका सुती ओढणीनं पाच कामं केली. भर उन्हात डोक्याला. ग्रीक चर्चमध्ये खांदे झाकायला, कारण तिथे उघडे खांदे आणि गुडघे चालत नाहीत. फेरीबोटीच्या डेकवर वाऱ्यात अंगाभोवती. बीचवर खाली अंथरायला. आणि नळाखाली ओली करून मानेवर, अगदी आमच्या आजीच्या वाळ्याच्या ताट्यांची आठवण यावी अशी. मुलग्यांनी नाराज होऊ नये, पांढरा गमछा हीच सगळी कामं करतो.

त्या मैत्रिणीचं जॅकेट? थँक्यू म्हणून परत करा. विमानातल्या एसीसाठी आणि रात्रीच्या बोटीसाठी एक पातळ कार्डिगन पुरतं.

टोपी उडते, पाय घसरतो

ग्रीसमधल्या दोन गोष्टी मात्र जळगावात नाहीत. एक मेल्टेमी आणि दुसरा संगमरवर.

मेल्टेमी हा एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणारा वारा. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर जास्त. आकाश निळंशार असतं, ढगाचा पत्ता नसतो आणि वारा मात्र असा की फार जोर धरला तर फेरीबोटी रद्द होतात. मोठ्या काठाची ती स्टायलिश हॅट पहिल्याच दिवशी समुद्रार्पण होते. हॅट घ्याच, पण हनुवटीखाली बांधायची दोरी असलेली. घेरदार हलका फ्रॉकही या वाऱ्यात सांभाळणं म्हणजे पूर्ण वेळ नोकरी. आणि सगळ्यात मोठा धोका म्हणजे वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही. गार वाटतं म्हणून लोक तासन् तास डेकवर बसतात आणि संध्याकाळी टोमॅटो होऊन उतरतात.

सनस्क्रीनचं गणितही इथेच उरकू. पूर्ण अंगाला एकदा नीट लावायला साधारण ३० मिली लागतं. म्हणजे आपली ५० मिलीची चिमुकली ट्यूब बीचवर दोन वेळाही धड पुरत नाही! ते दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा लावायचं असतं. त्यामुळे एसपीएफ ३० किंवा त्यावरची मोठी बाटली चेक-इन बॅगेत टाका, कारण केबिनमध्ये १०० मिलीपेक्षा मोठी बाटली सिक्युरिटीवाले जाऊ देतीलच असं नाही.

आता पाय. अॅक्रोपोलिसच्या टेकडीवरचा दगड लाखो पावलांनी घासून गुळगुळीत झालाय. कोरडा असतानाही पाय सटकतो. ग्रीसनं २००९ मध्ये प्राचीन स्थळांवर उंच टाचांना बंदी घातली. दगडाला टोचे पडतात म्हणून. तेव्हा हील्स घरी. आणि कोल्हापुरीप्रेमींनो, तुमची कोल्हापुरी संध्याकाळच्या जेवणासाठी ठेवा. चामड्याचा तळ त्या दगडावर बर्फासारखा घसरतो. रबरी तळाचे, आधी महिनाभर वापरून पायाला बसलेले बूट हेच खरे सोबती. बीचसाठी फ्लोटर्स हवेतच. सँटोरिनीच्या पेरिसा आणि कामारी या बीचवर ज्वालामुखीची काळी वाळू आहे. दुपारी ती तव्यासारखी तापते.

बॅगेचा आकारही पायांशीच जोडलेला आहे. सँटोरिनीच्या कड्यावरची गावं म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. जुन्या बंदरापासून वर फिरा गावापर्यंत जवळजवळ ६०० पायऱ्या आहेत. चाकांची बॅग तिथे चालत नाही, ती तुम्हाला उचलायला लावते. माझा नियम साधा आहे. जी बॅग घरी चौथ्या मजल्यापर्यंत लिफ्टशिवाय नेता येत नाही, ती सँटोरिनीला न्यायची नाही.

हापूस राहिला मागे

आईच्या बॅगेतल्या दोन पिशव्यांवर मात्र आमची वाटाघाट झाली : खाऊ आणि औषधं.

खाऊबाबत युरोपियन युनियनचे नियम कडक आहेत. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे तूप, पेढे, श्रीखंड सगळं बाद. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा सरकारी दाखला लागतो. केळं, नारळ, खजूर, अननस, ड्युरियन एवढीच फळं त्यातून सुटतात. आंबा त्यात नाही! आंब्याचं आणि युरोपचं तसंही जुनं भांडण आहे. फळमाशीमुळे मे २०१४ मध्ये युरोपियन युनियननं भारतीय आंब्याची आयातच बंद केली होती, ती २०१५ च्या सुरुवातीला उठली. त्यामुळे आमचे हापूस शेजारच्या काकूंकडे गेले आणि बॅगेत गेलं सातूचं पीठ, मेतकूट आणि पोह्यांचा चिवडा. सकाळी आठला बाहेर पडायचं असताना हॉटेलचा ब्रेकफास्ट सुरू व्हायची वाट बघत बसावं लागत नाही, हा सातूच्या पिठाचा मोठा फायदा.

औषधं हा गंमतीचा विषय नाही. आईला बीपी आहे. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे शरीरातलं पाणी बाहेर टाकतात. एरवी ते चांगलंच, पण चाळीस अंशांत तेच अंगाशी येऊ शकतं. म्हणून निघायच्या पंधरा दिवस आधी आम्ही डॉक्टरांकडे जाऊन सरळ विचारलं : इतक्या उन्हात गोळ्या कशा घ्यायच्या, पाणी किती प्यायचं, कुठल्या लक्षणांना घाबरायचं? तुमच्याबरोबर आई-बाबा असतील, कुणाला बीपी, शुगर, हार्टचा त्रास असेल, तर ही भेट पॅकिंगचाच भाग समजा. मनानं गोळी बंद करायची नाही आणि वाढवायचीही नाही. प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह घ्या. आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिकडच्या फार्मसीत कुणाला कळत नाही. (फार्मसी ओळखायची खूण : हिरवा क्रॉस.) आणि सगळी औषधं हातातल्या बॅगेत. मोठ्या फेरीबोटींवर सुटकेस खाली गाड्यांच्या मजल्यावर ठेवून वर जायचं असतं. प्रवास पाच-पाच तासांचा. गोळी खाली आणि आई वर, असं चालत नाही.

जाता जाता एक नाजूक सूचना. तिकडे बाथरूममध्ये जेट स्प्रे बहुतेक नसतो आणि अनेक ठिकाणी कागद कमोडमध्ये नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा असतो. पाइप अरुंद असतात. एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली बॅगेत असू द्या. टमरेलाचे उपकार काय वर्णावे!

दुपार पॅक करू नका

एवढं सगळं भरलंत आणि दिवसाची आखणी चुकलात, तर बॅग काही कामाची नाही. आपण ऑफिसवाले सुट्टीचाही एक्सेलशीट करतो. नऊ ते अकरा म्युझियम, अकरा ते एक अॅक्रोपोलिस, दोनला लंच, तीनला अमुक बीच. दहा दिवसांत पैसा वसूल! पण ग्रीकांकडे ‘मेसिमेरी’ नावाची गोष्ट आहे. मेसिमेरी म्हणजे दुपार. उन्हाळ्यात तीन ते साडेपाच हा तिथे कायद्यानं शांततेचा वेळ. अनेक छोटी दुकानं बंद, गल्ल्या सामसूम, माणसं घरात. पुणेकर वाचकांना वेगळं सांगायला नको. एक ते चारची आपण इतकी वर्षं थट्टा ऐकून घेतली, पण शास्त्र आपल्याच बाजूनं आहे!

उष्णतेच्या लाटेत तर सरकारच दार लावून घेतं. जुलै २०२३ मध्ये, मग जून २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या उन्हाळ्यात अॅक्रोपोलिस भर दुपारचे काही तास बंद ठेवलं गेलं. वर सावलीला झाड नाही आणि चहूबाजूंनी तापलेला दगड. तिकिटावर आता वेळेचा स्लॉट असतो. सकाळी आठचा पहिला स्लॉट घ्या. आई आणि मी आठला वर होतो, साडेनऊला पार्थेनॉन बघून खाली. अडीच हजार वर्षांपूर्वीचं देऊळ अडीच तास उन्हात उभं राहून बघितलं म्हणजे जास्त समजतं, असं काही नसतं.

हे मी एवढं ताणून का सांगतेय? ५ जून २०२४ ला ब्रिटिश टीव्हीवरचे प्रसिद्ध डॉक्टर-निवेदक मायकेल मोस्ली ग्रीसच्या सिमी बेटावर दुपारी बीचवरून एकटेच चालत निघाले. पारा चाळिशीच्या आसपास. फोन मुक्कामीच राहिला होता. चार दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. ब्रिटनमधल्या चौकशीत मृत्यूचं नेमकं कारण ठरवता आलं नाही, पण उष्माघात ही एक प्रबळ शक्यता असल्याचं म्हटलं गेलं. आयुष्यभर लोकांना तब्येतीबद्दल सांगणारा, स्वतः डॉक्टर असलेला माणूस. उन्हाला कुणाची डिग्री कळत नाही.

तेव्हा बारा ते पाच रिकामे ठेवा. पडदे ओढा, अंघोळ करा, ताणून द्या. जूनमध्ये अथेन्सला सूर्य मावळतो रात्री पावणेनऊच्या सुमारास. संध्याकाळ हवी तेवढी लांब मिळते.

दहा मिनिटांची पिशवी

शेवटची पिशवी सगळ्यात छोटी. जुलै २०२३ मध्ये ऱ्होड्स बेटावर वणवा पेटला आणि सुमारे १९ हजार लोकांना हलवावं लागलं. त्यात पर्यटक हजारोंनी होते. हॉटेलात सुटकेस सोडून, हाताला लागेल ते घेऊन माणसं निघाली. रोज असं होत नाही, पण उन्हाळी ग्रीसमध्ये कधी होणारच नाही असंही नाही.

म्हणून एक स्लिंग बॅग कायम भरलेली ठेवा. पासपोर्ट, व्हिसासाठी काढलेल्या इन्शुरन्सचा कागद, औषधं, थोडे रोख युरो, पॉवर बँक आणि पाणी. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचं वैद्यकीय कव्हर लागतंच. पण तो कागद ईमेलमध्ये पडून असेल आणि फोनची बॅटरी मेलेली असेल, तर काय उपयोग? आपत्तीच्या वेळी तिथल्या मोबाइलवर ११२ या यंत्रणेकडून मेसेज येतो. मोठ्ठा आवाज होतो, घाबरू नका, वाचा आणि सांगतील ते करा. मदतीसाठीचा नंबरही ११२ च. आपल्याकडेही तोच आहे, त्यामुळे आई-बाबांना वेगळं काही पाठ करावं लागत नाही.

केबिन बॅगेत एक जोड कपडे, स्विमसूट आणि छोटं सनस्क्रीनही असू द्या. आमची एक सुटकेस जाताना दीड दिवस उशिरा आली. तेवढ्या वेळात अथेन्सच्या उन्हात आम्ही कोरड्या, सुती कपड्यांत होतो, याचं सगळं श्रेय त्या एका जोडाला.

मग बॅग बंद करण्याआधी एकच टेस्ट. प्रत्येक वस्तू हातात घ्या आणि विचारा : ‘मे महिन्यात जळगावला जाताना मी हे नेलं असतं का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर ती वस्तू बाहेर. स्विमसूटला तेवढी सूट आहे!